जांभळ्या पेटीतलं नाव

३ ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद. ते तू घेतोस की पाकिटासकट ड्रॉवरमध्ये टाकतोस, देव जाणे.

तुझं कार्ड मिळालं. वाढदिवस होऊन गेल्यावर मिळालं, त्याचं काही नाही. या वयात वाढदिवस उशिरा आलेलाच बरा. पण अक्षर! दुसरी ओळ पहिलीच्या अंगावर चढलीय आणि तिसरी कार्डाबाहेर निघून गेलीय. सही अर्धी कार्डावर आहे, उरलेली तुझ्या टेबलावर असणार. शाळेत मास्तर तुझी पाटी वर धरून बाकीच्यांना दाखवायचे, तो तूच ना? एकदाच विचारते आणि मग गप्प बसते. पुन्हा बाटली जवळ केलीस का? फोनवर विचारलं तर "बरंय, बरंय" म्हणून ठेवून देशील, म्हणून हे पत्र.

माझं बरं चाललंय. आमच्या चर्चमधल्या वेदीच्या कापडांची धुलाई आणि इस्त्री आता माझ्याकडे आहे. तू हे चर्च पाहिलेलं नाहीस. डोळ्यांसमोर मनोरा, घंटा असलं काही आणू नकोस. बाहेरून ते सिमेंटचं गोदाम वाटतं. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान. नवा माणूस हमखास पुढे निघून जातो आणि मग विचारत मागे येतो. आत मात्र एक अख्खी भिंत रंगीत काचेची आहे, जमिनीपासून छपरापर्यंत. त्यात ना संत, ना देवदूत, नुसते रंगांचे उभे पट्टे. सूर्य सरकतो तसे ते बाकांवरून सरकतात. आमच्या वस्तीत दर दोन दारांमागे एक भाषा, त्यामुळे रविवारच्या उपासनेला प्रत्येक भाषेची मिस्सा वेगळी आणि तिचा रंगही वेगळा. सातला येतात ती माणसं निळी होतात, अकराची लाल. आम्ही नऊची माणसं पिवळी. आमची खिचडी मिस्सा. ज्यांची भाषा बोलणारे दोघे-चौघेच आहेत असे आम्ही सगळे तिथे. प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणायची, एकदमच. ऐकताना डोळे मिटले की नदीकाठी बसल्यासारखं वाटतं.

दारापाशी दोन पेट्या आहेत. पांढरी जिवंतांसाठी, जांभळी मृतांसाठी. भाषा इतक्या की चिठ्ठीवर कारण लिहून उपयोग नाही. नुसतं नाव लिहायचं, बाकीचं पेटीचा रंग सांगतो. काल दुपारी कापडं ठेवायला गेले होते तेव्हा तुझं नाव पांढऱ्या पेटीत टाकून आले. तुझी बायको गेल्यापासून तू देवाशी बोलत नाहीस, मला ठाऊक आहे. मी तुमच्या दोघांच्या भांडणात पडत नाही. मी आपली निरोप पोचवते.

ताई

१९ ऑगस्ट

ताईस,

नमस्कार. आशीर्वाद घेतला. ड्रॉवर भरलाय.

बाटलीला हात लावलेला नाही. दुकानात काच कापताना अंगठा कापला, पट्टी बांधून लिहिलं, म्हणून ओळी घसरल्या. आता यावरून आणखी एक मिस्सा घालू नकोस.

भिंतीबद्दल मात्र तू अर्धवट लिहिलंस. असं कोणी लिहितं का काचवाल्याला? काच जाड आहे की पातळ? पट्ट्यांच्या मध्ये शिसं भरलंय की सिमेंट? दुपारी कोणता रंग कुठवर जातो? मी आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना पांढरी काच बसवली. जिच्यातून फक्त समोरची भिंत दिसते, अशी. रंगीत काच एकदाच हातात आली होती, एका हॉटेलच्या दरवाजासाठी. ती बसवून झाल्यावर मी उगाचच आत-बाहेर करत राहिलो, तर मालकाला वाटलं मी उरलेल्या पैशांसाठी घुटमळतोय.

हल्ली दुपारी दुकान बंद करतो आणि बाकावर आडवा होतो. तुझं पत्र आल्यापासून मी त्या गोदामात जाऊन पडतो. डोळे मिटले की सगळं दिसतं. निळा येतो, जातो, मग पिवळा येतो आणि थांबतो. फुकटात चाललंय. म्हणून नीट लिही, अंदाजे रंगवायला लावू नकोस.

धाकटा

१ सप्टेंबर

धाकट्या,

तू मेलास.

खाली बस आणि नीट वाच. आमच्याकडे नावं वाचायचं काम टॅक्सीवाल्याचं आहे. रात्रपाळी संपवून तसाच येतो, डोळे लाल, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा बहिरासुद्धा मान हलवतो. पेट्या महिनाअखेरीलाच उघडतात, त्यामुळे काल त्याने आधी जिवंतांची नवी नावं वाचली. मी कान टवकारून बसले, तुझं नाव नाही. म्हटलं राहिलं असेल, पुढच्या रविवारी येईल. मग त्याने मृतांचा कागद घेतला आणि पहिलंच नाव तुझं. पुरतं मोडून तोडून वाचलं, पण तुझंच.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. इथे एक रीत आहे. बहुतेकांची माणसं दूर कुठेतरी पुरलेली, कबरीवर फूल ठेवायलाही जाता येत नाही. म्हणून ज्यांची माती दूर पडली त्यांचं नाव इथे वर्षभर दर रविवारी वाचतात आणि भिंतीशी त्यांच्या नावाचा एक दिवा ठेवतात. तुझा दिवा लागला, धाकट्या. काचेच्या वाटीतला. मी स्वतःच त्या वाट्या घासते.

तुझं नाव सगळ्यांनी माझ्या तोंडून कितीदा ऐकलंय, म्हणून मिस्सा सुटल्यावर सगळे माझ्याभोवती. नर्सबाई, आमच्याच जिन्यातली, तिने मला मिठी मारली ती सोडेचना. टायरवाल्याने टोपी काढली आणि छातीशी धरली. एक म्हातारी आहे, तिची भाषा इथे कुणालाच येत नाही. ती शेजारी बसून माझा हात कुरवाळत राहिली. मी सांगणार होते रे, की अहो, थांबा, तो जिवंत आहे, दुकानात बसून काच कापतोय. पण तोंड उघडलं आणि रडूच आलं. तुझं नाव त्या कागदावरून ऐकल्यावर क्षणभर मला ते खरं वाटलं होतं. तुझा चेहरा आठवायला गेले तर तुझ्या लग्नातला आठवला. त्यानंतरचा आठवेना. मग कशाचं सांगणं आणि कशाचं काय.

घरी आल्यावर विचार केला. मी चिठ्ठी पांढऱ्या पेटीत टाकली होती, डावीकडच्या. नीट आठवलं तेव्हा वाटलं, पेटी जांभळी होती खरी. पण त्या वेळी सगळंच जांभळं होतं, माझा हातसुद्धा. दुपारी तो रंग दारापर्यंत येतो. तू विचारलं होतंस ना कोणता रंग कुठवर जातो? घे, मिळालं उत्तर.

आता काय करू ते सांग. आज नर्सबाई डबा घेऊन आली. खाल्ला मी. तुझ्या मयताचं खाल्लं, आणि चवही छान होती.

ताई

१२ सप्टेंबर

ताईस,

मृतात्म्याचा नमस्कार.

पत्र वाचून इतका हसलो की शेजारचा सुतार रंधा टाकून बघायला आला. त्याला सांगितलं, मी वारलो. तो म्हणाला, मग माझी शिडी परत दे.

तुझी चूक नाही. कुणीतरी झाडताना पेट्यांची अदलाबदल केली असणार, आणि तू आपली सवयीने डावीकडे गेलीस. पांढऱ्यावर जांभळा उजेड पडला की पांढरी काय आणि जांभळी काय, सगळं सारखं. त्या उजेडातून दोन पावलं बाजूला झाली असतीस तर कळलं असतं. पण उजेडातून बाजूला व्हायचं कुणाला सुचतं?

खरं सांगू, मला बरं वाटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आता मेलोच आहे तर बघू, एखादी जाते का. इथे जिवंतपणी माझी विचारपूस करणारे दोघेच, सुतार आणि वीजबिलवाला. तिकडे माझ्यासाठी टायरवाला टोपी काढतो! त्याला माझा निरोप दे. नको, कसा देणार. राहू दे.

एक विचारायचं होतं. ते माझ्यासाठी नेमकं काय मागतात? प्रार्थनेचे शब्द काय असतात? लहानपणी पाठ होतं, आता आठवत नाही. आणि माझा दिवा कुठल्या रंगाच्या पट्टीत येतो?

धाकटा

२६ सप्टेंबर

धाकट्या,

देव पावला! तुझ्या गेल्या पत्रातल्या ओळी पाहिल्या आणि मी ते नर्सबाईला दाखवायला निघालेच होते. जिन्यात आठवलं की तू मेलायस. एकेक ओळ आखून काढल्यासारखी. म्हणजे सोडलीस. नाही म्हणत होतास, पण मला कळत होतं. पाठची बहीण नसले तरी पाठ राखणारी आहे मी. शाबास.

तुझा दिवा भिंतीच्या टोकाला आहे. सकाळी तो निळ्यात असतो, नऊला पिवळ्यात येतो. दुपारी कोणी नसतं तेव्हा जांभळ्यात बुडतो. मी इस्त्री आटोपून दुसऱ्या बाकावर बसते. बाहेर लाँड्रीची यंत्रं घुमत असतात, त्यांचा आवाज भिंतीतून येतो, मग कधी डुलकी लागते कळत नाही. परवा डुलकीत तू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होतास, कोपरापर्यंत पिवळा. हात उलटसुलट करून पाहत होतास. मी म्हटलं, "आलास का रे?" तू म्हणालास, "शू, रंग हलेल." जागी झाले तर तिथे माझी पिशवी होती.

प्रार्थनेचं विचारलंस. टॅक्सीवाला नाव वाचतो, आणि मग सगळे आपापल्या भाषेत म्हणतात, की प्रभू, याला विसावा दे आणि तुझा उजेड याच्यावर अखंड राहू दे. एवढंच. म्हातारी ते दोनदा म्हणते, बहुतेक तिला वाटतं तिची भाषा देवाला पटकन कळत नाही. सगळ्या भाषांमध्ये एक शब्द सावकाश येतो, त्यामुळे तो कळतो. उजेड.

पण आता मला हे सोसत नाही. माणसं मनापासून मागताहेत आणि मी मान खाली घालून बसते, त्यांना वाटतं दुःखाने. या रविवारी फादरना सगळं सांगणार आहे. ते म्हातारे आहेत, त्यांचं गाव समुद्रापलीकडे कुठेतरी, रागावले तर त्यांच्या भाषेत रागावतील आणि मला समजणार नाही. सांगूनच टाकते.

ताई

८ ऑक्टोबर

ताईस,

सांगू नकोस. सांगितलं असशील तर परत जाऊन सांग की खोटं बोलले.

आता मी जे लिहितोय ते हसत वाचू नकोस आणि रडतही वाचू नकोस. भाजी निवडताना वाचतेस तसं वाच.

मी बाटली सोडली नाही, कारण धरलीच नव्हती. अंगठा कापला ते खरं, पण तो कापला कारण काचेची कड मला दिसली नाही. गेल्या वर्षापासून डोळ्यांत कडेकडेने अंधार येतोय. डॉक्टरीण म्हणाली, काचबिंदू. आयुष्यभर काच कापली, शेवटी तिने माझ्याच डोळ्यात घर केलं. गेलंय ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून जमेल तितकं टिकवायचं. डावा जवळजवळ गेला. उजव्यातून अजून दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. तुझ्या कार्डावरच्या ओळी म्हणून चढल्या. तू बाटलीवरून बोललीस तेव्हापासून कागदावर काच कापायची पट्टी ठेवतो आणि तिच्या कडेने लिहितो. ते तुझं आखीव अक्षर.

सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पिशवी भरून आली असतीस, आणि मला कुणी हाताला धरून चालवायला नको होतं. आजही नको आहे.

पण तू शब्द कळवलेस, त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात. मी तर एकही मागितला नव्हता. भांडण चालू होतं ना आमचं. आणि तिकडे टायरवाला, नर्सबाई, ती म्हातारी, ज्यांनी मला पाहिलेलं नाही ते सगळे दर रविवारी माझ्यासाठी उजेड मागताहेत. ती म्हातारी तर दोनदा. चुकीच्या पेटीतून का असेना, बरोबर तेच मागणं गेलंय. माझं नाव काढायला लावलंस तर ते मागणं बंद होईल. मेलेला राहू दे मला, ताई. वर्षभर तरी.

धाकटा

१५ ऑक्टोबर

धाकट्या,

भाजी निवडतानाच वाचलं. भाजी तशीच पडली आहे.

तुझ्यावर फार चिडले आहे. एक वर्ष! वर्षभर तू माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस आणि मी तुला दारुडा म्हणत बसले. देव मला माफ करो, आणि तुला आणखी थोड्या वेळाने करो.

फादरना मी आधीच सांगून बसले होते. ते रागावले नाहीत. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. तुझं पत्र आल्यावर पुन्हा गेले आणि हेही सांगितलं. तेव्हा हसले नाहीत. चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. मग म्हणाले, "बाई, मागून झालेलं मागणं परत घेता येत नाही. पण जिवंत माणसाचं नाव मृतांत वाचत राहणंही बरं नाही. नाव काढायचं असेल तर मेलेल्याने स्वतः येऊन काढावं. तोवर मी कागदाला हात लावणार नाही." आणि मला ताकीद दिली की कुणाला काही बोलायचं नाही.

तेव्हा ये. तुझं दुकान, तुझा मान, सगळं बाजूला ठेव आणि ये. हाताला धरणार नाही. वचन देते. तू माझ्या शेजारून चाल, मी आपली बडबड करत राहीन, पायरी आली की "पायरी मेली किती उंच" म्हणेन. लोकांना वाटेल म्हातारी कुरकुरतेय. ऊन आहे तोवर ये, पुढे ढग सुरू झाले की भिंत झोपून जाते.

भिंत तुला बघायची आहे ना? मग अजून दिसतंय तोवर बघ.

ताई

२४ नोव्हेंबर

ताईस,

सुखरूप पोचलो. पायरी मेली कुठेच उंच नव्हती.

तिथे असताना बोलता आलं नाही, ते आता पट्टीच्या कडेने लिहितो. तू मला दुसऱ्या बाकावर भिंतीच्या बाजूला बसवलंस तेव्हा मला भिंत अख्खी दिसली नाही. माझ्या नळीत एका वेळी एकच पट्टा मावत होता. मग मी मान हळूहळू फिरवली, एकेक रंग घेतला आणि ठेवला. हिरव्या काचेत बुडबुडे आहेत, लक्षात आलंय का तुझ्या? हाताने ओतलेली काच आहे. शेवटी थकलो आणि हात मांडीवर ठेवले, तर ते पिवळे झाले होते. तेवढे नळीत पुरते मावले. बायको गेल्यापासून पहिल्यांदा मला कुणाशी भांडावंसं वाटत नव्हतं.

मी उठून उभा राहीन असं ठरवलं नव्हतं. मिस्सेनंतर फादरना भेटून नाव काढायचं, एवढंच ठरलं होतं. पण टॅक्सीवाल्याने मृतांचा कागद घेतला आणि माझं नाव वाचलं, आणि शाळेची सवय, तोंडातून गेलंच, "हजर!" कुणाच्यातरी हातातून जपमाळ पडली ती ऐकली. मग तो गलका. मला फक्त ऐकू आलं, ताई. चेहरे दिसले नाहीत, मी त्यांच्याकडे तोंड करून नुसता हसत होतो. कुणी गालाला हात लावला, कुणी खांदा दाबला, एकाने मला उचललं. तो टायरवाला असावा, वासावरून. तू पाहिलंस ते सांग. कुणाचा चेहरा कसा झाला?

तू राहा म्हणालीस आणि मी नाही म्हटलं, त्यावर पुन्हा बोलू नकोस. दुकान आहे, सुतार आहे, दुकानाचा कोपरान्‌कोपरा हाताला पाठ आहे. तुझ्या जिन्यात मी ओझं होईन. एकदा हजेरी लावली, पुरे झालं.

धाकटा

३ डिसेंबर

धाकट्या,

मोठ्या अक्षरात लिहितेय, चार पानं लागली. तू रागावलास तरी लागू देत.

चेहरे सांगते. तू "हजर" म्हणालास तेव्हा टॅक्सीवाल्याने आधी कागदाकडे पाहिलं, मग तुझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे, जणू कागदच बोलला. नर्सबाईने तोंडावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा परत करावा. टायरवाल्याची मान आधी लाल झाली, मग तो धावला. हो, तोच होता. फादर वेदीमागे उभे होते, चष्मा काढून. आणि ती म्हातारी एकटीच बसून राहिली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नाही, सांगणार तरी कुठल्या भाषेत? ती तुझ्याकडे बघून मान डोलवत होती, अगदी शांत. "वर्ष संपायच्या आत ऐकलंस" म्हणून देवाला शाबासकी देत असावी. गालाला हात तिनेच लावला होता, सगळ्यात शेवटी. आणि सगळे पिवळे होते, धाकट्या. डोळ्यांतलं पाणीसुद्धा.

फादरनी तुझं नाव मृतांतून काढून जिवंतांच्या कागदावर घातलं. दिवा मी उचलून ठेवणार होते. नर्सबाई आडवी आली. आता तो भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, एकटाच, आजारी माणसांसाठी.

पण झालं काय, ते ऐक. तू गेल्यानंतरच्या रविवारी टॅक्सीवाल्याने जिवंतांची नावं वाचली. तुझं वाचलं आणि थांबला. वर बघत राहिला. सगळं चर्च थांबलं, माना दुसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे माझी पिशवी होती. शेवटी मीच उठले आणि म्हटलं, "हजर." शाळेत तू आंब्यावर चढलेला असायचास तेव्हा म्हणायचे ना, तसं. कुणी हसलं नाही. टॅक्सीवाल्याने मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. या रविवारी पुन्हा तेच झालं. पुन्हा मीच उठले.

ओझ्याचं म्हणतोस. माझ्या एका पिशवीला अख्खा अर्धा बाक लागतो, त्याचं कधी कुणाला ओझं झालं नाही. तू बोलू नकोस म्हणालास, म्हणून एवढंच लिहिते. दर रविवारी उठताना माझे गुडघे दुखतात.

ताई

११ डिसेंबर

ताईस,

तुझी चार पानं वाचायला मला दोन दिवस लागले. थांबून थांबून वाचलं, एकेक चेहरा नळीत घेतला आणि ठेवला. म्हातारीचा दोनदा घेतला.

खोटी हजेरी लावणं बंद कर. शाळेत पकडली गेलीस तेव्हा मार तुला पडला होता आणि मी आंब्यावरून बघत होतो.

दुकान सुताराला दिलं. शिडीही परत केली. काच कापायची हिरकणी मात्र दिली नाही, ती खिशात आणतोय. तिचा तिथे उपयोग नाही, पण हाताला तिची सवय आहे. थेंबांच्या बाटल्या, दोन सदरे आणि पट्टी, एवढंच सामान. तुझी पिशवी बाकावरून उचल.

पुढे कधी रंग दिसेनासे होतील. डॉक्टरीण सांगत नाही, पण मला माहीत आहे. झाले तर झाले. नऊ वाजता पिवळा हातावर आला की तू सांग, आणि नाही सांगितलंस तरी ऊन लागल्यावर मला कळेलच.

टॅक्सीवाल्याला सांग, माझं नाव हवं तसं मोडून वाच. वाचून झाल्यावर मात्र जरा थांब म्हणावं. मला उठून उभं राहायला हल्ली वेळ लागतो.

धाकटा